जुन्या बाराबंदीवरून, ती न उसवता, नवा नमुना कसा काढावा?

जुळेसोलापूरकर:

नमस्कार. सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या येत्या गड्ड्याच्या यात्रेसाठी यजमानांना आणि दहा वर्षांच्या मुलाला मी स्वतःच्या हाताने बाराबंदी, म्हणजे बारा बंदांनी बांधायचे पांढरे वस्त्र, शिवायचे ठरवले आहे. घरात सासऱ्यांची एक बाराबंदी आहे. ती सुमारे ३६ छातीची असावी. कापड इतके विरले आहे की काखेत उजेड दिसतो, त्यामुळे ती उसवून कागदावर ठेवण्याचे धाडस होत नाही, आणि उसवलेली सासूबाईंना चालणारही नाही.

मला ब्लाऊज, फ्रॉक आणि साधा कुडता शिवता येतो. त्यामुळे माझ्याकडे असलेल्या ३८ छातीच्या कुडत्याच्या पेपर कटिंगवरून सुरुवात केली. पाठ तशीच ठेवली. पुढचा भाग मधोमध उघडा ठेवून एक पदर दुसऱ्यावर यावा म्हणून दोन्ही बाजूंना सात-सात इंच कापड वाढवले, आणि यजमानांची छाती ४० असल्याने सैल व्हावे म्हणून मुंढा (बाही जोडण्याची जागा) दीड इंच खाली उतरवला. मधल्या मारुतीजवळून आणलेल्या मांजरपाटावर एक कच्चा नमुना शिवून पाहिला. त्यात दोन दोष राहिले. एक तर हात वर केला की सगळे वस्त्र कमरेपर्यंत वर चढते आणि खाली येण्याचे नाव घेत नाही. दुसरे म्हणजे गळ्यापासून काखेकडे जाणारी तिरकी कड छातीवर बसत नाही, तिचे तोंड आ वासल्यासारखे उघडे राहते.

जुन्या बाराबंदीत यांपैकी काहीच होत नाही, आणि तिचे भाग पाहावेत तर सगळे सरळ पट्टे. पाठ म्हणजे एक आयत, खांद्यावर शिलाईच नाही, कडेला कळ्या, म्हणजे खाली रुंद होत जाणारे तुकडे, आणि काखेत एक लहानसा चौकोन. मुंढ्याला गोलाई अजिबात नाही. इतक्या साध्या कापणीचे वस्त्र माझ्या आकार दिलेल्या कुडत्यापेक्षा चांगले कसे बसते, हे कोणी समजावून सांगेल का? मुलाची छाती २७ आहे. मोठ्याचा नमुना त्याच प्रमाणात लहान केला तर चालेल का, आणि एकूण कापड किती आणावे, हेही सांगावे.

टेप_आणि_खडू:

ताई, मी पूर्व भागात शाळेच्या गणवेशांचे कटिंग अनेक वर्षे केले आहे. तुमचा पहिला दोष वाचताक्षणी ओळखीचा वाटला, कारण नवा कारागीर हमखास हीच चूक करतो. वस्त्र सैल करायचे म्हणजे मुंढा खाली उतरवायचा, असा एक समज आहे. प्रत्यक्षात मुंढा जितका खाली, तितका हात अंगाला जास्त जखडला जातो. मनगटापासून काखेतून कमरेपर्यंत टेप लावा आणि हात हळूहळू वर न्या. ते अंतर वाढत जाते. ही वाढ कापडाला कुठून तरी द्यावी लागते. मुंढा वर असेल तर बाहीची खालची शिलाई आणि अंगाची कडेची शिलाई दोन्ही लांब असतात, म्हणून ती वाढ तिथल्या तिथे निघते. मुंढा खाली गेला की त्या दोन्ही शिलाया आखूड होतात आणि हाताबरोबर सगळे अंग वर ओढले जाते. तुम्ही दीड इंच खाली गेलात, म्हणजे दोन्हीकडून दीड-दीड इंच गमावलेत.

जुन्या बाराबंदीच्या काखेतला चौकोन म्हणजे चौबगला, आणि सगळी हुशारी त्यात आहे. मुंढा सरळ आणि खोल असला तरी काखेत घातलेला तो तुकडा हात वर गेला की उघडतो आणि हात खाली आला की घडी होऊन पडतो. चार इंच बाजूचा चौकोन असेल तर त्याचा कर्ण साडेपाच इंचांहून थोडा जास्त भरतो. शिवाय चौकोन उभ्या-आडव्या धाग्यावर कापलेला असल्याने दोन्ही कर्ण नेमके उरेबात (धाग्यांना तिरक्या दिशेत) येतात, म्हणजे जिथे ताण पडतो तिथेच कापड ताणही देते. कुडत्याच्या गोल मुंढ्यात चौबगला बसवण्याच्या खटपटीत पडू नका. पाठ आणि बाही पुन्हा सरळ आखा. कुडत्याच्या कागदातून फक्त उंची आणि बाहीची लांबी घ्या.

आता नमुना काढण्याविषयी. उसवण्याची गरज नाही, कारण सरळ भागांचे वस्त्र मोजूनही कागदावर उतरते. टेबलावर जाडसर सोलापुरी चादर दोन पदरी अंथरा, तिच्यावर ब्राऊन पेपर आणि कागदावर बाराबंदी, अशी मांडणी करा. चादरीच्या जाडीत टाचण्या उभ्या टोचता येतात. एका वेळी एकच भाग घ्या. त्याचा उभा धागा कागदावर आधी आखलेल्या रेषेशी जुळवा, मग शिलाईच्या रेषेवर दोन-दोन इंचांवर टाचणी टोचून कागदाला भोक पाडा. काखेपाशी कापड विरलेले आहे, तिथे टाचणी न लावता नुसती टेपने मापे घ्या. भाग उचलल्यावर भोके पट्टीने जोडा. रेषा पाव इंच इकडे-तिकडे वाकडी आली तर ती सरळच धरा. तो वाकडेपणा कापणाऱ्याचा नसून वर्षानुवर्षांच्या धुण्याचा आहे.

तुमच्या यजमानांसाठी मी आखणी केली असती ती अशी. मधला पट्टा तयार रुंदीने १७ इंच, पाठ आणि पुढचा भाग खांद्यावरून अखंड, उंची २८. बाही खांद्यापाशी १६ इंच रुंद, म्हणजे खांद्याच्या घडीपासून पुढे ८ आणि मागे ८ इंच खाली ती पट्ट्याला जोडली जाईल. तिथून खाली कळी सुरू होते: माथ्याला २ इंच, खाली ६ इंच, लांबी २०. अशा चार कळ्या लागतील. बाहीच्या खालच्या कडेचे पहिले दोन इंच कळीच्या माथ्याला, पुढचे चार इंच चौबगल्याला, आणि उरलेली कड बाहीच्याच दुसऱ्या कडेला जोडायची.

एक गोष्ट पडताळल्याशिवाय कात्री लावू नका. छातीचा घेर काखेच्या रेषेवर मोजलात तर तो भरपूर दिसेल, कारण तिथे चौबगला पूर्ण रुंद असतो. परंतु चौबगला खाली निमुळता होत संपतो आणि त्या टोकाशी सगळा भार कळीवर येतो. म्हणून घेर त्या टोकाशी मोजावा. तिथे कळी २ वरून २.८ इंच झालेली असते. पट्ट्याची पुढची आणि मागची बाजू मिळून ३४ आणि चार कळ्यांचे ११.२, एकूण ४५ इंचांच्या किंचित वर. ४० छातीला पाच इंच सैल म्हणजे आत बंडी घालूनही श्वास घेता येईल. पुढच्या पदराची जोड या हिशोबात धरलेली नाही, ती एकावर एक येणारी आहे.

कळी जोडताना तिची तिरकी कड पट्ट्याच्या सरळ कडेला लावा आणि सरळ कड बाजूच्या शिलाईत घ्या. दोन तिरक्या कडा एकमेकींना जोडल्या की दोन्ही ताणतात आणि पहिल्या धुण्यात वस्त्र कडेला लोंबू लागते.

कापडाचे म्हणाल तर ४४ इंच पन्ह्यात (कापडाच्या रुंदीत) ५८ इंच लांबीत मधला पट्टा आणि शेजारी दोन्ही बाह्या निघतात. कळ्या उलट-सुलट ठेवून आणि पदराच्या जोडी धरून आणखी ३० इंच. आकसण्यासाठी थोडे जास्त धरून मोठ्याला अडीच मीटर आणा. बंद आणि चौबगले उरलेल्या तुकड्यांत बसतात.

पडद्यामागची:

मास्तरांनी मुंढ्याचे जे सांगितले त्यावर माझे वेगळे मत नाही, पण प्रत्येक वेळी चौबगल्याचा खटाटोप करावाच असेही नाही. मी हौशी नाटकांसाठी कपडे शिवते. हुतात्मा स्मृती मंदिरातल्या दोन तासांच्या प्रयोगासाठी वीस अंगरखे लागत असतील तर मी कुडत्याचाच कागद वापरते, फक्त मुंढा खाली उतरवण्याऐवजी अर्धा इंच वर घेते आणि बाहीचा माथा चपटा व रुंद करते. प्रेक्षकाला काख दिसत नाही. तुमचे वस्त्र मात्र घरात राहणार आहे, धुतले जाणार आहे आणि कदाचित नातवाच्या अंगावर जाणार आहे, तेव्हा सरळ पट्ट्यांचाच मार्ग धरा.

मी लिहायला बसले ती तिरक्या कडेसाठी. गळ्यापासून काखेकडे कापलेली कड उरेबात असते, आणि उरेब म्हणजे कापडाची सगळ्यांत चंचल दिशा. तुम्ही ती कापलीत, उचललीत, टेबलावरून लोंबू दिलीत, वर टीप मारलीत, आणि एवढ्यात ती अर्धा-पाऊण इंच सहज वाढली असेल. वाढलेली कड छातीवर बसणार कशी? याला दोन उपाय आहेत आणि मी दोन्ही एकत्र करते.

पहिला कागदावरच करायचा. कच्चा नमुना अंगावर घालून तिरक्या कडेवर जिथे सर्वांत जास्त फट दिसते तिथे चिमटीत कापड धरा आणि ते किती आले हे मोजा. समजा अर्धा इंच आले. कागदावर त्याच जागी कडेला अर्ध्या इंचाची घडी घाला, जी मुंढ्याकडे जाताना शून्य होईल, आणि घडी चिकटवून टाका. कड अर्धा इंच आखूड होते आणि बाकी माप जागच्या जागी राहते. घडीमुळे कडेची रेषा जिथे मोडते तिथे ती पुन्हा हाताने सलग करून घ्या. कापडावर टक घालायला जुन्या वस्त्रात जागा नाही. कागदातच ते काम उरकले की कुणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरा उपाय कापल्यानंतरचा. कड कापताक्षणी, तुकडा टेबलावरून न उचलता, कडेपासून पाव इंच आत हाताने धावदोरा घाला. मग आतून एक बोट रुंदीची पट्टी लावा. ती उभ्या धाग्यावर कापलेली हवी आणि कागदावरच्या कडेच्या लांबीपेक्षा पाव इंच आखूड हवी. कड त्या पट्टीत किंचित चेपून बसवायची. तुमच्या सासऱ्यांच्या बाराबंदीत आतून बोट फिरवून पाहा, तिथे अशी पट्टी असण्याची दाट शक्यता आहे.

आणखी एक शंका. मांजरपाट कोराच वापरलात का? कोऱ्या कापडात खळ असते, ते ताठ उभे राहते आणि नसलेले दोष दाखवते. कच्चा नमुना शिवण्याआधी कापड एक रात्र भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. खऱ्या कापडाचेही तसेच. दहा इंचांचा चौकोन कापून गरम पाण्यात धुवा. तो साडेनऊ इंच झाला तर त्या दिशेला शेकडा पाच आकसते हे कळले, आणि सगळे कापड आधीच धुऊन घेतले म्हणजे पुढचा हिशोबही टळला.

बाळीवेसकर:

शिवणकामातले मला फारसे कळत नाही. मी बाराबंदी घालणारा आहे, आणि वर नाटकाचा उल्लेख आला म्हणून लिहितो. यात्रेतली बाराबंदी हा वेष नव्हे. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या सातही नंदीध्वजांबरोबर हजारो माणसे याच पांढऱ्या वस्त्रात चालतात, त्यामुळे त्यात हौसेची लेस, रंगीत गोट किंवा चमकणारे पॉलिस्टर कृपया नको.

व्यवहाराचे सांगायचे तर पहिल्या दिवशी ६८ लिंगांना तैलाभिषेक असतो आणि तो सगळा दिवस चालण्यात जातो. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावरच्या अक्षता सोहळ्याला गर्दीत खांद्याला खांदा लागलेला असतो. सकाळी निघताना थंडी असते म्हणून आत बंडी लागते, आणि दुपारी त्याच बंडीचा घाम येतो. पाच इंच सैल हे मास्तरांचे माप मला पटते. नंदीध्वजाची काठी धरणाऱ्याचे दोन्ही हात छातीच्या वर असतात, त्यामुळे चौबगल्याशिवाय शिवलेल्या तयार बाराबंदीत काय होते ते मी सोसलेले आहे. संध्याकाळपर्यंत दोन्ही काखांत शिलाई उसवली होती.

कापड मात्र फार पातळ घेऊ नका. मलमल सुंदर दिसते, पण बंद ओढून बांधताना मुळाशी फाटते.

दोन_मुलांची_आई:

मुलाच्या मापाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. मोठ्याचा नमुना प्रमाणात लहान करू नका. ताई, तुम्ही दोघांचे गळे मोजून पाहा. माझ्या घरी यजमानांची छाती ४० आणि गळा साडेपंधरा आहे. मुलाची छाती २७ आणि गळा १२. छातीच्या हिशोबाने मूल मोठ्याच्या ६७ टक्के आहे, गळ्याच्या हिशोबाने ७७ टक्के. मी पहिल्यांदा छातीच्या प्रमाणात सगळा कागद लहान केला होता, तेव्हा गळा मागून टोचू लागला आणि मुलाने ते वस्त्र दहा मिनिटांत काढून फेकले. मुलांचे डोके आणि मान अंगाच्या मानाने मोठी असते, पोट छातीपेक्षा फारसे आत नसते आणि हात आखूड असतात. म्हणून प्रत्येक माप मुलाच्या अंगावरून वेगळे घ्यावे आणि मास्तरांची रचना तेवढी उसनी घ्यावी.

मास्तरांच्याच पद्धतीने मी मांडणी करून पाहिली. मधला पट्टा १२ इंच, उंची २०, बाही खांद्याखाली ६ इंच, चौबगला ३ इंच, कळी माथ्याला दीड आणि खाली ४ इंच, लांबी १४. चौबगल्याच्या टोकाशी कळी साधारण २ इंच भरते, म्हणजे २४ आणि ८ मिळून ३२. २७ छातीला पाच इंच सैल. चौबगला याहून लहान करू नका, शिवताना बोटे आत जात नाहीत.

वाढत्या अंगासाठी बाहीच्या टोकाला आणि खालच्या घेराला दीड-दीड इंच आत दुमडून हाताने तुरपाई करून ठेवते. यंत्राची टीप मारली की पुढच्या वर्षी उसवल्यावर भोकांची रेघ दिसते, हातशिलाईची दिसत नाही. रुंदीत वाढ ठेवायची असेल तर ती बाजूच्या शिलाईत, जिथे दोन्ही कळ्यांच्या सरळ कडा मिळतात तिथे, अर्ध्याऐवजी एक इंच दाब (शिलाईबाहेरचे कापड) सोडून ठेवता येते. चौबगल्यापाशी मात्र जादा दाब नको, तिथे गोळा होतो.

जुळेसोलापूरकर:

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी पुन्हा बसले. चादरीची युक्ती अगदी उपयोगी पडली. आतून बोट फिरवले तेव्हा तिरक्या कडेला पट्टी सापडली, सव्वा बोट रुंद, उभ्या धाग्याचीच. पडद्यामागची ताई, आपला अंदाज बरोबर निघाला.

मांजरपाट धुऊन, नव्या आखणीने दुसरा कच्चा नमुना शिवला. हात वर केल्यावर आता कड जेमतेम अर्धा इंच उचलली जाते. यजमानांनी घरातल्या घरात झाडूची काठी दोन्ही हातांनी उभी धरून दहा मिनिटे फेऱ्या घातल्या आणि पसंती दिली. कडेची फट कागदावर पाऊण इंचाची घडी घालून गेली.

आता दोनच प्रश्न राहिले आहेत. चौबगल्याच्या कोपऱ्यात चार शिलाया एकत्र येतात तिथे माझे कापड चिमटल्यासारखे होते आणि एका कोपऱ्यात तर बारीक भोकही राहिले. दुसरा प्रश्न बंदांचा. जुन्या वस्त्रावर मोजले तर आतल्या पदराच्या तीन जोड्या आणि बाहेरच्या पदराच्या तीन जोड्या, असे बारा बंद होतात. पण वरच्या आणि आतल्या गाठी एकावर एक येऊन पोटाशी फुगवटा दिसतो. जुन्या बाराबंदीत तो दिसत नाही. आणि मुलाला सहा गाठी स्वतःला बांधता येणार नाहीत, त्याचे काय करावे?

टेप_आणि_खडू:

चौबगल्याचे चारही कोपरे कापण्याआधीच पेन्सिलीने ठिपका देऊन ठेवावेत, कडांपासून अर्धा इंच आत, जिथे दोन शिलाईरेषा छेदतात तिथे. बाही, कळी आणि पट्ट्यावरही तसाच ठिपका. शिवताना नेमके ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत टीप मारायची आणि दोन्ही टोकांना दोन टाके मागे घ्यायचे. दाबाच्या कापडात शिलाई एक टाकाही गेली की कोपरा चिमटतो, आणि ठिपक्याआधी एक टाका थांबली की तिथे भोक राहते. तुमच्याकडे दोन्ही झालेले दिसते, म्हणजे ठिपके न देता अंदाजाने गेलात.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी बाही पट्ट्याला लावा, मग कळ्या पट्ट्याला आणि त्यांचे माथे बाहीला. चौबगल्याच्या दोन बाजू प्रथम बाहीच्या दोन्ही कडांना जोडा, त्यानंतर उरलेल्या दोन बाजू पुढच्या आणि मागच्या कळीला, आणि सर्वांत शेवटी चौबगल्याच्या एका टोकापासून बाही व समोरच्या टोकापासून बाजू, अशा दोन वेगळ्या शिलायांनी मिटवा. प्रत्येक कोपऱ्यावर सुई कापडात खाली ठेवूनच दाबपट्टी उचला आणि कापड फिरवा. खालच्या कापडाला कोपऱ्याच्या दाबात ठिपक्याच्या दोन धागे अलीकडेपर्यंत कात्रीची चीर द्या, तिच्याशिवाय ते वळत नाही. पहिल्यांदा करणाऱ्याने चौबगला हाताने कच्च्या टाक्यांनी लावून घ्यावा, मग यंत्राखाली घालावा. वेळ जातो, पण उसवण्यात त्याहून जास्त जातो.

आतल्या दाबाच्या कडा ओव्हरलॉक करू नका. घामात त्या काखेला घासतात. एका बाजूचा दाब पाव इंच कापून दुसऱ्या बाजूचा त्यावर दुमडा आणि चपटी शिलाई घाला.

पडद्यामागची:

बंदांचे मी सांगते. आतल्या आणि बाहेरच्या जोड्या एकाच उंचीवर लावल्या की गाठीवर गाठ येणारच. जुन्या वस्त्रावर टेप लावून पाहा, आतल्या जोड्या बाहेरच्यांपेक्षा दीड-दोन बोटे खाली सापडतील. शिवाय तिन्ही जोड्यांमधले अंतर सारखे ठेवू नका. छातीची जोडी आधी ठरवावी, कारण फट पडते ती तिथेच; मग कमरेची, आणि गळ्याजवळची सर्वांत शेवटी. या जागा कागदावर ठरत नाहीत. वस्त्र अंगावर घालून, पदर हाताने जागेवर धरून खडूची खूण करावी.

प्रत्येक बंद उभ्या धाग्यावर कापावा, दीड इंच रुंद आणि बारा इंच लांब, चौपदरी दुमडून कडेला एक टीप. आडव्या धाग्यावरचा बंद ताणतो आणि गाठ सैल पडते. पदराच्या कडेचा बंद कड आणि आतली पट्टी यांच्यामध्ये अडकवून शिवा. बाजूचा बंद बाजूच्या शिलाईत. कडेपासून दूर, नुसत्या कापडावर बंद लावायचा असेल तर आतून त्याच कापडाचा दीड इंचाचा चौकोन ठेवून दोघांना मिळून चौकटीची टीप मारा. बाळीवेसकरांनी फाटण्याचे सांगितले ते याच जागी होते.

मुलासाठी मी नाटकात करते तेच सुचवते. आतल्या तीन जोड्या खऱ्या बांधायच्या, आणि बाहेरच्या तीन गाठी आधीच बांधून, शिवून, त्यांच्या मागे टिचबटणे लावायची.

बाळीवेसकर:

ताई, नाटकात ते शोभते, इथे नको. खोट्या गाठीची बाराबंदी माझ्या आईने तरी घालू दिली नसती. दहा वर्षांच्या मुलाला गाठी बांधता आल्या नाहीत तर वडील बांधतील. आमच्याकडे माझे बंद आजोबा बांधत असत, आणि त्यासाठी पहाटे लवकर उठावे लागे.

जुळेसोलापूरकर:

टिचबटणांचा विचार सासूबाईंना सांगताच त्यांनीही बाळीवेसकरांचाच शब्द उच्चारला, त्यामुळे तो विषय घरातच मिटला. मुलाच्या आतल्या जोड्या बाहेरच्यांपेक्षा दोन बोटे खाली लावते आहे. जुन्या वस्त्रात तेच माप निघाले.

चौबगला ठिपक्यांवरून पुन्हा लावला. तीन कोपरे स्वच्छ आले, चौथा उद्या उसवीन. नवी पेठेतून ४४ इंच पन्ह्याचे पॉपलिन मोठ्यासाठी अडीच आणि मुलासाठी पावणेदोन मीटर आणले आहे, आणि ते आत्ता बादलीत भिजत आहे. दहा इंचांचा चौकोन उभ्यात नऊ इंच आणि सात दोरे भरला, आडव्यात तसाच राहिला. उभ्यातच एवढे आकसणार असेल तर लांबीतले माझे ५८ आणि ३० इंच धुतल्यानंतरच मोजते.

टेप_आणि_खडू:

तेच करा. एका इंचाचे आठ दोरे, म्हणजे शेकडा एकच्या आसपास आकसले. कापड चांगले मिळाले आहे. वाळत घालताना उभ्या धाग्याने दोरीवर टाका, आडवे टाकले तर मधोमध झोळ येतो आणि इस्त्रीनेही जात नाही.